सोसण्याचा निवाडा

‘नांदणे’ इतकं गोड आणि इतकं फसवं क्रियापद मराठीत क्वचितच सापडेल. घरात सुख नांदतं, राज्यात सुबत्ता नांदते, नव्या जोडप्याला सुखाने नांदा म्हणून आशीर्वाद देतात. पण ‘मुलगी नांदते ना?’ असा प्रश्न आला की सुखाचा विषय संपतो. ती त्या घरात टिकून आहे की परत आली, एवढंच विचारणाऱ्याला हवं असतं. पुरुष सासरी नांदत नाही, तो बायकोला नांदवतो. ‘नांदायला येत नाही’ ही तक्रार तर कोर्टाच्या कागदांतही जशीच्या तशी उतरते. सुखात असणं आणि नुसतं टिकून असणं या दोन्हींना एकच शब्द पुरतो. त्याचा दोष भाषेला देण्यात अर्थ नाही, भाषा बिचारी बोलणाऱ्यांचं ऐकते. या शब्दामागे एक जुनी धार्मिक समजूत आहे: सोसणं हा बाईचा धर्म, आणि जितकं जास्त सोसलं तितकं पुण्य जास्त. पदरी पडलं पवित्र झालं, ही म्हण बघा. पडलेलं चांगलं की वाईट हा प्रश्नच तिथे उरत नाही; पदरात पडणं हेच पावित्र्याचं कारण. सतराव्या वर्षी कडेवर मूल आणि पाठीवर वळ घेऊन माहेरच्या उंबऱ्यात उभ्या असलेल्या मुलीला ही म्हण ऐकवली जाते, तेव्हा ती व्यवहाराचा सल्ला म्हणून नाही, धर्माची आज्ञा म्हणून ऐकवली जाते. म्हणून तिला उत्तरही धर्माच्याच भाषेत द्यायला हवं.

त्यासाठी महाडइतकी योग्य जागा दुसरी नाही. महाड म्हटलं की चवदार तळं आठवतं, २० मार्च १९२७ आठवतो. त्याच वर्षीच्या डिसेंबरातली परिषद त्या मानाने मागे पडते. परिषदेसाठी जागा मिळेना, शेवटी फत्तेखान या गृहस्थांनी आपली जागा दिली. तळ्यावर जाण्याला कोर्टाची मनाई होती म्हणून सत्याग्रह तहकूब झाला. पण २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचं जाहीर दहन झालं. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. या दहनाकडे आपण जातीच्या बाजूने पाहतो आणि ते बरोबरच आहे. पण त्या ग्रंथाच्या आठव्या अध्यायात एक श्लोक आहे, २९९ वा. बायको, मुलगा, दास, शिष्य आणि धाकटा भाऊ यांनी अपराध केला तर त्यांना दोरीने किंवा बांबूच्या कांबीने मारावं, असं तो सांगतो. पुढचा श्लोक हे मारणं पाठीवर असावं, डोक्यावर नसावं, एवढी दया दाखवतो. परिषद आटोपल्यावर बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी वेगळे बोलले. लुगडं कसं नेसावं हे त्यांनी सांगितलं, दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवू घालू नका असं सांगितलं, आणि मुलींना शाळेत पाठवा असंही सांगितलं. ग्रंथाचं दहन आणि मुलीची शाळा या दोन गोष्टी एकाच परिषदेच्या निमित्ताने आल्या, हा योगायोग समजू नये. मारणारा हात आपण धर्माने मारतो असं म्हणतो, तेव्हा तो धर्म तपासण्याचा अधिकार मार खाणारीकडे यावा लागतो. शिक्षणाने नोकरी मिळते, चार पैसे हातात येतात, हे खरंच आहे आणि मोलाचं आहे. पण अजून वीस वर्षांचीही न झालेल्या, मार खाणाऱ्या आईसाठी शिक्षणाचं पहिलं काम वेगळं आहे. कालपर्यंत जिच्याविषयी इतर निवाडा करत होते, ती स्वतः निवाडा करू लागते.

यावर पहिला आक्षेप असा की मनुस्मृती वाचतो कोण? पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणसारख्या माथ्यावरच्या गावात कुठल्या सासूने आठवा अध्याय उघडला आहे? आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच कामाचा आहे. शास्त्र पोथीतून म्हणीत उतरतं, म्हणीतून सवयीत, आणि सवयीत उतरलं की त्याला पोथीची गरज राहत नाही. पोथी जाळता येते, सवय जाळता येत नाही. दुसरा आक्षेप अधिक सभ्य असतो: जिथे स्त्रियांचा मान राखला जातो तिथे देव रमतात आणि जिथे त्या दुःखी असतात ते कुळ नष्ट होतं, असंही त्याच ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलं आहे, मग एकच बाजू का सांगता? दोन्ही बाजू सांगाव्यात. पण दोन्हींचा कर्ता कोण ते पाहावं. मान देणारा पुरुष, मारणारा पुरुष. ती दोन्हीकडे घेणारी. ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’त हाच धागा पकडला होता. नवरा देव असेल तर त्याने देवासारखं वागून दाखवावं, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. पतिव्रतेचे नियम असतील तर त्यांच्या तोडीचे नियम दुसऱ्या बाजूलाही असायला हवेत, हे समजायला पंडित असण्याची गरज नाही.

यापेक्षा खोल आक्षेप कर्मसिद्धान्ताचा आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ‘भोग आहेत तिचे’ हे वाक्य नेहमी दुष्टपणानेच येतं असं नाही. हतबल आई ते लेकीला जवळ घेऊन म्हणते आणि त्या क्षणी दोघींना त्याचा आधारही वाटतो. पण सिद्धान्त नीट पाहिला तर तो मारणाऱ्याच्या बाजूने उभा राहत नाही. परंपरेने कर्माचे तीन भाग केले: साठलेलं ते संचित, त्यातलं फळ द्यायला लागलेलं ते प्रारब्ध, आणि आत्ता घडतंय ते क्रियमाण. मुलीच्या वाट्याला हे घर आलं हे तिचं प्रारब्ध आहे, असं वादासाठी धरू. नवऱ्याने आज उगारलेला हात कोणाच्या खात्यात जातो? तो त्याचं क्रियमाण आहे, त्याची जबाबदारी त्याची. आणि तो हात अडवणं, घरातून बाहेर पडणं, पाटी पुन्हा हातात घेणं हे तिचं क्रियमाण. एकाचं प्रारब्ध हा दुसऱ्याला दिलेला मारण्याचा परवाना आहे, असं कर्मवादाच्या कुठल्याच तर्काने सिद्ध होत नाही. शिवाय हा सिद्धान्त आपण निवडून वापरतो. २२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळियेवर डोंगर कोसळला, ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या दिवशी कोणी प्रारब्धाचा हिशेब मांडत बसलं नाही. लोक चिखलात उतरले. दरड आली की प्रयत्न आणि नवरा मारू लागला की प्रारब्ध, ही वाटणी धर्माने केलेली नाही, आपल्या सोयीने केलेली आहे. याच तालुक्यातल्या शिवथरघळीत समर्थांनी दासबोध सांगितला अशी श्रद्धा आहे, आणि त्या ग्रंथात प्रयत्नालाच देव मानलेलं आहे. घळीला गाड्या भरून जाणाऱ्यांनी लेकीसुनांच्या बाबतीतही ते आठवायला हरकत नसावी. बाबासाहेबांनी तर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये गतजन्मीच्या कर्माची कल्पनाच नाकारली. पण तितकं पुढे न जाता, परंपरेच्या अंगणात उभं राहूनही हा आक्षेप टिकत नाही, एवढंच मला म्हणायचं आहे.

खरी अडचण होते ती संतांपाशी. सतराव्या शतकातल्या बहिणाबाई शिऊरकर यांचं चरित्र त्यांनी स्वतःच अभंगांतून सांगितलं आहे. अगदी लहानपणी तिशीतल्या बिजवराशी लग्न, तुकोबांचा ध्यास, आणि ब्राह्मणाच्या बायकोने शूद्राला गुरू मानलं म्हणून नवऱ्याचा मार. पोटात मूल असताना नवरा घर सोडून निघाला होता. अशा बाईने शेवटी काय निवडलं? भक्ती सोडली नाही, आणि नवऱ्यालाही सोडलं नाही. पतिसेवेचा धर्म तिने आपल्या अभंगांत उचलून धरला. सोसण्याचं समर्थन करणाऱ्याला याहून मोठा साक्षीदार मिळणार नाही. पण हीच साक्ष पुढेही ऐकली पाहिजे. बहिणाबाईंनी ‘वज्रसूची’ मराठी अभंगांत आणली. ब्राह्मण कोणाला म्हणावं, जन्माने ब्राह्मण्य येतं का, असे प्रश्न विचारून जातीचा दावा खोडून काढणारा हा ग्रंथ आहे. म्हणजे ज्या प्रश्नावर तिच्या हाती ग्रंथ होता, युक्तिवाद होता, त्या प्रश्नावर तिने निर्भयपणे निवाडा केला, तोही नवऱ्याच्या जातीच्या अभिमानाविरुद्ध. नवरेपणाच्या अधिकाराला प्रश्न विचारणारा ग्रंथ मात्र तिच्या काळात तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता. तिचं सोसणं थोर होतं, यात वाद नाही. पण दुसरी वाटच समोर नसलेल्या माणसाच्या सोसण्यावरून सर्वांसाठी नियम काढता येत नाही. क्षमेचंही तसंच आहे. नाही म्हणण्याची ताकद असलेल्याने होय म्हटलं तर ती क्षमा, ती तितिक्षा. ताकदच काढून घेतल्यावर उरतं त्याला फार तर गत्यंतर नसणं म्हणता येईल. तपस्व्याने स्वतःहून केलेला उपास आणि दुष्काळातली उपासमार यांत पोट दोन्हीकडे रिकामंच असतं. व्रत म्हणून आपण त्यातल्या एकालाच ओळखतो.

शिकल्याने मार थांबतो का, हा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि त्याचं उत्तर आनंदीबाई जोशी यांच्या आयुष्यात आहे. आपल्याकडे त्यांचा फोटो शाळेच्या भिंतीवर लागतो, पण त्या एक मार खाल्लेली किशोरवयीन आई होत्या हे फारसं सांगितलं जात नाही. ३१ मार्च १८६५ चा कल्याणचा जन्म, नवव्या वर्षी गोपाळराव जोशी या पोस्टातल्या बिजवर कारकुनाशी लग्न. त्यांच्या बदलीबरोबर अलिबागला, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा आणि आजच्या रायगड जिल्ह्यात बिऱ्हाड. चौदाव्या वर्षी मूल झालं, ते दहा दिवसांत गेलं. गोपाळरावांनी बायकोला शिकवण्याचा ध्यास घेतला आणि त्या ध्यासापायी तिला मारलं. पुढे अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेल्या एका पत्रात तिने हे सगळं वयवार मांडलं: कोणत्या वयात लाकडाने मारलं, कोणत्या वयात खुर्च्या आणि पुस्तकं फेकून मारली, कधी सोडून जाण्याची धमकी दिली. मनूच्या त्या श्लोकात बायको आणि शिष्य एकाच यादीत आहेत. आनंदीबाई एकाच वेळी दोन्ही होत्या. म्हणजे शिक्षण स्वतःच छडी होऊन येऊ शकतं. मुलींच्या शिक्षणाचे गोडवे गाताना हे विसरता कामा नये. पण त्या पत्राचं मोल मारांच्या यादीत नाही. तुमचं वागणं बरं होतं की वाईट, याचा तिने तिथे विचार केला आहे आणि दोन्ही असं उत्तर दिलं आहे: हेतू पाहिला तर योग्य, कोवळ्या मनावरचा परिणाम पाहिला तर अयोग्य. हिंदू स्त्रीला नवऱ्यापुढे बोलण्याचा हक्क नसतो, म्हणून मी गप्प राहिले, असंही ती सांगते. गप्प राहिलेली मुलगी आणि हे पत्र लिहिणारी बाई यांच्यामध्ये शिक्षण उभं आहे. मार थांबवण्याची हमी त्याने दिली नाही. माराला मार म्हणण्याची, त्यातलं योग्य-अयोग्य वेगळं काढण्याची कुवत दिली. ११ मार्च १८८६ ला त्यांना पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. प्रबंधाचा विषय त्यांनी घेतला होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. २६ फेब्रुवारी १८८७ ला, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत, त्या पुण्यात वारल्या.

आनंदीबाईंना निदान घरातून पुस्तक मिळालं. बेबीताई कांबळे यांना ते लपवावं लागलं. १९२९ चा जन्म, तेराव्या वर्षी लग्न, दहा बाळंतपणं, फलटणला छोटंसं किराणा दुकान. माल बांधायला आणलेल्या रद्दीचा कागद गिऱ्हाइकाच्या हाती जाण्याआधी वाचून घ्यायचा, असं त्यांचं वाचन. लिहू लागल्या तेही घरच्यांपासून लपवून, सुमारे वीस वर्षं. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने ‘जिणं आमुचं’ बाहेर आलं. त्यात महारवाड्यातल्या कोवळ्या सुनांचं जे वर्णन आहे ते वाचून सोसण्याच्या पुण्याविषयी बोलण्याची हिंमत होणार नाही: सासरहून पळू पाहणाऱ्या मुलीच्या पायात लाकडी खोडा अडकवत, त्या खोड्यासह तिने कामं करायची, पहिल्याच बाळंतपणात उपाशी पोटी कितीकजणी जात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की हा खोडा घालणाऱ्यांचाच स्पर्श गावाला चालत नव्हता. ज्याच्या पायात जातीची बेडी, तोच सुनेच्या पायात खोडा घालतो. बेबीताईंनी हे लिहिलं म्हणून आपल्याच समाजाची बदनामी केली, असं म्हणणारे असतील; झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शहाणपण प्रत्येक जातीत सारखंच असतं. पण मनुस्मृतीच्या दहनाचा अर्थ घराच्या उंबऱ्यापर्यंतच चालतो का, हा प्रश्न विचारायला आंबेडकरी चळवळीतलीच बाई लागली. आणि तिचीही एक मर्यादा होती. स्वतःच्या पाठीवरचा मार तिने पुस्तकात लिहिला नाही. नवरा संशयावरून मारायचा, हे तिने पुढे माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितलं. साऱ्या समाजाचा निवाडा करणाऱ्या लेखणीलाही घरातला शेवटचा कोपरा गाठायला इतकी वर्षं लागली. शिक्षण म्हणजे जादूची कांडी आहे असं मला म्हणायचंच नाही.

मग शेवटचा आक्षेप, जो सगळ्यात जास्त वेळा घेतला जातो: लेकराकडे बघून तरी सोस. आईला देव मानायला सांगणाऱ्या परंपरेतूनच हे वाक्य येतं, आणि त्यात केवढी विसंगती आहे पाहा. अठरा वर्षांची ती मुलगी पाळण्यातल्या बाळाचं दैवत आहे आणि त्याच खोलीत बाळाच्या बापाची मार खाणारी. दैवताला दोरीने मारता येतं का, हा प्रश्न धर्माचा आहे, स्त्रीवादाचा नंतर. घर मोडेल, ही भीतीही तपासून घ्यावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने तिला राहत्या घरातच राहण्याचा हक्क दिला आहे. गरज पडली तर मारणाऱ्या पुरुषाने घराबाहेर राहावं, असा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. बाईविरुद्ध मात्र असा घर सोडण्याचा आदेश देता येत नाही, आणि जिथे चाकरमानी मुंबईला आणि सासू-सून गावी, अशा महाड-पोलादपूरच्या घरांत ही अडचण लहान नाही. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. अज्ञानपणी झालेलं लग्न त्या मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत कोर्टाकडून रद्द करून घेता येतं, आणि तसं झालं तरी मूल औरसच राहतं. लेकराच्या नावाने घातलेला धाक कायद्याने तरी काढून टाकला आहे.

कायद्यालाही अर्थात फटी आहेत. शिक्षणाचा हक्क चौदाव्या वर्षी संपतो आणि लग्नाचं वय अठराव्या वर्षी सुरू होतं. मधली चार वर्षं कोणाच्याच खात्यात नाहीत. वाडीतली शाळा संपते, पुढची शाळा घाटाखाली, एसटीची फेरी दिवसातून मोजकी, आणि पावसाळ्यात तिचाही भरवसा नाही. मग ‘उगाच जोखीम कशाला’ म्हणून मुलगी उजवली जाते. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी ७.६ टक्के एक तर आई झाल्या होत्या किंवा गरोदर होत्या. अठराखालची गरोदर मुलगी दवाखान्यात आली की पोक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हेतू रक्षणाचा, पण नवरा तुरुंगात जाईल या भीतीने सासर तिला दवाखान्याचीच वाट दाखवत नाही. इथे दोष कायद्याचा की धाकाचा, हा वाद घालता येईल. तोवर बाळंतपण घरात होतं.

आणि तरीही परतीची वाट अगदीच बंद नाही. शाळा सुटलेल्या मुलीला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावीला बसता येतं. कडेवरचं मूल हा त्यासाठी नियमाने अडथळा नाही. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. महाडला बाबासाहेबांच्या नावाचं महाविद्यालय आहे, पोलादपूरला सुंदरराव मोरे यांच्या नावाचं. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे कित्येक गावांना ठाऊक नसतं. २५ डिसेंबर हा स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळायला दरवर्षी माणसं महाडला क्रांतिस्तंभापाशी येतात. त्यांनी यावंच. फक्त १७ नंबरचे फॉर्म डिसेंबरात नाही, पावसाळ्यात निघतात. म्हणून जुलै-ऑगस्टात, सावित्री नदी दुथडी भरलेली असताना, आपल्या वाडीतल्या एका सुनेच्या घरी जावं, तिच्या सासूपाशी बसावं, आणि शाळा सोडल्याचा दाखला कुठे ठेवलाय ते विचारावं.